वर ओढलेला खांब

माझी वहिनी मला वेडी म्हणते, आणि त्यात तिचं फारसं चुकत नाही. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी, निवृत्त झालेली भूगोलाची शिक्षिका दर अमावास्येला ओरत्तनाडूवरून जाणारी बस पकडते आणि समुद्रावर जाते. कशाला, तर वाळू मोजायला. "बस धरून वाळू मापायला जातीस म्हणून गल्ली हासते गे," असं वहिनी आमच्या तंजावरी मराठीत ऐकवते. हसू दे. माझा राग गल्लीवर नाही. तो दुसऱ्या एका माणसावर आहे, आणि थोडा माझ्यावर.

आमच्या जिल्ह्याचा किनारा काही रुंद पुळणीचा नव्हे. बराचसा चिखल, मधेमधे वाळूची अरुंद पट्टी. अशाच एका पट्टीवर आम्ही चार-पाच स्वयंसेवक मोजणी करायचो. काम सोपं होतं. किनाऱ्यावर ताडाचा एक खांब रोवलेला. तिथपासून पाण्यापर्यंत खुणा केलेल्या दोन काठ्या धरत जायचं, एकीवरून क्षितिजाची रेघ साधायची, दुसरीवर वाळू किती उतरली ते वाचायचं आणि वहीत टिपायचं. पाण्याकडची काठी धरायला गावातली एक अक्का असायची. माझ्याहून मोठी, नवरा गेलेला, वाळूवर मासे सुकवून पोट भरणारी. तिचं माडाच्या झापांचं घर खांबाच्या मागेच होतं. समुद्र जवळ येतोय हे ती मला पहिल्या दिवसापासून सांगत होती, आणि मी तिला म्हणत होते की आकडे येऊ देत, मग बघू.

आकड्यांची एवढी मातब्बरी होती, कारण एका सरकारी कार्यालयाने सांगितलं होतं की जिथे किनारा खचतोय तिथे दगडी बांध घालू, पुरावा आणा. आम्ही वही नेली. तिथल्या अधिकाऱ्याने चार पानं उलटली, पंखा वाढवायला सांगितलं आणि म्हणाला, "टीचर, पहिल्या महिन्यात खांबापासून पाणी जेवढं लांब, तेवढंच आजही आहे. तुमचा किनारा स्थिर आहे." गावाचं नाव यादीतून गेलं.

माझा विश्वास बसेना. पुढच्या अमावास्येला मी वही पिशवीतच ठेवली आणि पहिल्यांदा नुसतं बघितलं. सुरूचं एक झाड पूर्वी खांबाच्या मागे असायचं. आता ते खांबाच्या पुढे होतं, पाण्याच्या बाजूला, मुळं उघडी पडलेली. झाड तर चालत गेलं नसणार. मी अक्काला विचारलं.

तिने लपवलं काहीच नाही. उलट कौतुकाने सांगितलं. समुद्र चढला की जे आपलं ते वर ओढायचं, ही त्या गावाची रीत. होडी ओढायची, जाळी ओढायची, मासे सुकवायच्या चटया ओढायच्या. खांबही आपलाच. मीच तर पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू लावून तिला बजावलं होतं की डोळ्यांत तेल घालून सांभाळ. पाणी बुंध्याशी आलं की ती आणि तिची सून खांब उपटायच्या आणि दोन-तीन हात मागे रोवायच्या. आम्ही यायच्या आत, बिनबोभाट. खांब जागचा हलता कामा नये, तो बुडाला तरी चालेल, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला आणि इथे एका बाईला काठी धरायला लावून, ती का धरायची ते सांगायचं राहिलं. मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही सगळे शिकलेले लोक माना वहीत घालून बसलो होतो, झाड कोणाला दिसलं नाही.

मी तशीच त्या कार्यालयात गेले. चूक माझी आहे, आकडे खोटे पडलेत, पण घर खरं आहे, झाड खरं आहे, येऊन बघा, असं म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की खांब हलला असेल तर सगळी वहीच बाद, आणि वही बाद तर पुरावा नाही. मी पुन्हा म्हणाले, या, मी बसचं तिकीट काढते. डोळ्यांनी बघणं त्यांच्या कामात बसत नाही, असं तो अगदी सौजन्याने बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस जेवायला उठला, तर ताटात भात आहे याचाही पुरावा मागत असेल. दोन तासांच्या वाटेवर एक घर पाण्यात चाललंय आणि याला खुर्चीवरून उठवत नाही.

हे सगळं अक्काला सांगायला मीच गेले. ती चटईवरचे मासे उलथत होती. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे मी खांब ओढायला नको होता?" नको होता, मी म्हणाले.

"बुडू द्यायचा होता?"

"हो, अक्का."

"बुडाला असता तर त्यांनी मानलं असतं?"

मी हो म्हणाले.

तिने हात झटकले आणि घराकडे बघितलं. "मला ठाऊक नव्हतं, टीचर. आता घर आहे. ते मी ओढणार नाही. ते बुडालं की मोजून त्यांना द्या."