सुनेने नव्या मॅडमना सांगितलं

सुनेला नवी नोकरी लागून महिनाही झाला नव्हता आणि तिला दिवस गेले. मी सुके बोंबील भाजत होते, ती नाकाला ओढणी लावून मोरीकडे धावली, तेव्हाच मला कळलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, आजच तपासलं. तुम्हाला सांगणारच होते."

आमच्यात तीन महिने भरेपर्यंत ही बातमी घराबाहेर काढत नाहीत. शेजारी तर नाहीच, गावीही कळवत नाहीत. मी तिला तसं बजावलं. ती म्हणाली, "शेजारी नाही सांगत. पण मॅडमना सोमवारी सांगावंच लागेल."

मॅडम म्हणजे डॉक्टरीणबाई. घाटकोपरला त्यांचं तपासणीचं केंद्र आहे. रक्त, सोनोग्राफी, एक्स-रे सगळं होतं. सून तिथे एक्स-रे काढते. त्या मशीनची किरणं पोटातल्या बाळाला बरी नाहीत, म्हणून तिथल्या बाईने दिवस गेले की लगेच सांगायचं, असा नियम आहे. शिकवतानाच सांगतात म्हणे त्यांना. पण हिची नोकरी अजून कच्ची होती. मशीनसाठी घेतलेली बाई मशीनवरच उभी राहणार नसेल, तर तिला कशाला ठेवतील? सुनेला तीच धास्ती होती. मुलुंडची जुनी नोकरी सोडून ती इथे आली होती आणि तिथे तिच्या जागी दुसरी आलीसुद्धा होती.

मुलगा म्हणाला, "थोडे दिवस गप्प राहा ना यार. तो शिशाचा एप्रन असतो ना तुम्हाला?"

"मग तू घाल एप्रन आणि तूच राहा गरोदर," ती म्हणाली. तो उठून मॅच बघायला गेला.

रविवारी दुपारी मी तांदूळ निवडत होते. ती समोर येऊन बसली.

"आई, तुम्ही मॅडम व्हा. मी सांगून बघते."

"मला डॉक्टर करतेस? चौथी पास आहे मी."

"व्हा ना."

मी चष्मा खाली ओढला. "बोल."

"मॅडम, सॉरी, मला जरा..."

"सॉरी कशाला? माझं काय चोरलंस?"

ती हसली, मग सावरून बसली. "मॅडम, मी प्रेग्नंट आहे. मला मशीनवर काम करता येणार नाही. दुसरं काही असेल तर मी करीन."

"मग उद्यापासून येऊ नकोस. बाया खूप मिळतात मला."

हे बोलायला मला विचार करावा लागला नाही. हे मला शब्द न् शब्द पाठ होतं. कांजूरमार्गला औषधांच्या गोळ्या बाटल्यांत भरायच्या कारखान्यात मी कामाला होते. यांची गिरणी बंद पडलेली, घर माझ्यावर. मुलाच्या वेळी दिवस गेले तर मी कुणाला बोलले नाही. कारखान्याचा झगा ढगळ होता, त्यात खपून गेलं. मग एक दिवस खोका उचलायला वाकले, ते वाकताच येईना. सुपरवायझरने बघितलं. आरडाओरडा काही केला नाही त्याने, सुपारी चघळत तेवढं एक वाक्य बोलला. बाळंतीण होऊन उठले तेव्हा परत घेतात का बघायला मी गेटवर जाऊन आले. माझ्या स्टुलावर दुसरी बसली होती. मग बरीच वर्षं घरी बसून राख्या चिकटवल्या.

हे सगळं मी सुनेला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम असं नाही काढू शकत मला. कायदा आहे, आई."

"कायदा तेव्हाही असेल गो. मला कोणी येऊन सांगितला नाही."

"पण त्या असं म्हणाल्याच तर मी काय बोलू?"

"मला काय माहीत? मी काही बोलले असते तर तुला शिकवलं असतं."

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. गुडघा सुजला होता, त्याचा एक्स-रे काढायचाच होता, ते निमित्त झालं. खरं म्हणजे मला बघायचं होतं. तिची नोकरी जावी असं माझ्या मनात नव्हतं, अर्धं घर तिच्या पगारावर चालतं. पण त्या मॅडमने तिला जरा ताटकळत ठेवावं, चार शब्द सुनवावेत, हिने मान खाली घालावी, एवढं मला हवं होतं. सगळं तिला इतकं सरळ का मिळावं?

केबिनला काचेचं दार होतं. मी बाहेर बाकावर बसले. सून आत हात मागे बांधून उभी होती. तिचे ओठ हलले. मॅडम माझ्या मुलापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती एकदम खुर्चीतून उठली. मी मनात म्हटलं, झालं, वाट लागली.

दार उघडून ती काउंटरवरच्या मुलीला ओरडली, "आजचे सगळे एक्स-रे दुसऱ्याकडे दे. हिला त्या खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही." मग सुनेकडे वळली. "कधी कळलं तुला?"

"शुक्रवारी, मॅडम."

"मग शनिवारी मशीनवर का उभी राहिलीस? फोन करता येत नाही? शिकून आलीस ना तू?"

"मला वाटलं, नोकरी..."

"नोकरी काय पळून जाते? बस आधी. उभी काय राहिलीस! ईसीजी काढता येतो?"

"येतो."

"मग तिकडे बस आता. बाळंतपणाची सुट्टी घे आणि मग मशीनवर परत ये. काम चांगलं आहे तुझं."

सून शिव्या खाताना बघायला मी आले होते आणि तिने खाल्ल्याही. पण उशिरा सांगितलं म्हणून खाल्ल्या! असल्या शिव्या मी जन्मभर खाल्ल्या असत्या.

मॅडमचं लक्ष माझ्याकडे गेलं. "या कोण?"

"सासूबाई. गुडघा दाखवायला आल्यात."

"अरे वा! आजी होणार तुम्ही. खूश ना?"

"तीन महिने भरू देत, मग सांगते," मी म्हटलं. ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

गुडघ्याचा एक्स-रे काढून मी सुनेचं काम सुटेपर्यंत बाकावरच बसले. परतताना आम्ही रिक्षा केली. सुनेने नवऱ्याला फोन लावला, मग मैत्रिणीला लावला. मॅडम कशा झकास आहेत ते दोघांना एकाच दमात सांगितलं. फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"तुम्ही गप्प का, आई? बरं नाही वाटत?"

"मला तुझा हेवा वाटतोय."

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. सुनेने फोन पर्समध्ये टाकला. म्हणाली, "मग मी काय करू त्याला?"

"काही करू नकोस. कामावर जात राहा."

"तुम्ही रागावलात?"

"तुझ्यावर कशाला रागावू? तू काय माझं स्टूल घेतलंस?"

ती जवळ सरकली नाही, माझा हातबीत धरला नाही, ते बरं केलं. विक्रोळीला सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने विचारलं, "तेव्हा गेटवर त्यांनी तुम्हाला परत घेतलं असतं, तर गेला असतात? इतकं लहान बाळ घरी ठेवून?"

"तुझ्या नवऱ्याला पाळण्यात टाकून धावत गेले असते," मी म्हटलं.