अजून थोडा निळा

माझे धाकटे दीर एका जागी बसू शकत नाहीत. आमच्याकडे आले की खुर्चीची पाठ धरून उभे राहतात, चहा फिरत फिरत पितात आणि कप कुठे ठेवला ते विसरतात. पस्तीस वर्षं रंगाच्या दुकानात उभ्याने काढली त्याचा हा परिणाम, असं माझी जाऊ म्हणते. मला ते पटत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी शाळेत जात होते आणि तेव्हाही असेच होते.

दुकानात त्यांचं काम शेड जुळवायचं. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणायचं. भावजी तो दारातल्या उजेडात धरायचे, पांढऱ्यात दोन थेंब काळा, एक थेंब पिवळा घालून काडीने ढवळायचे आणि पोपड्यावर टिपका लावायचे. वाळला की टिपका कुठे लावला ते शोधावं लागायचं. पुढे दुकानात शेड वाचणारं मशीन आलं. मशीनचा आकडा बघून भावजी नाक मुरडायचे आणि वर आपला एक थेंब घालायचे. मालक काही बोलत नसे, कारण तो थेंब बरोबर निघे.

तर हा माणूस डोळ्यांवर जगलेला. म्हणूनच निवृत्त व्हायच्या आधी घरात खाऱ्या पाण्याची टाकी आणली ती माशांसाठी नव्हे, रंगांसाठी. मासे तीनच. खरी मालकी प्रवाळाची. टाकीवाल्या दुकानदाराने नऊ वर्षांपूर्वी नखाएवढा तुकडा दिला होता, त्याचं ताटाएवढं झालं होतं. थरावर थर, जांभळट, कडेला हिरवी किनार. प्रवाळ हा प्राणीच, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि उजेडावर तेच त्याला जेवू घालतं, एवढं विज्ञान मी कॉलेजात शिकले आहे. उजेड कमी पडला तर उपासमार. जास्त झाला तर शेवाळ घर सोडून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि लवकर सावरलं नाही तर मरतं.

यंदा टाकीवरच्या जुन्या ट्यूब गेल्या आणि तसल्या ट्यूब आता मिळत नाहीत म्हणे. दुकानदार भला माणूस. त्याने एलईडीचे दिवे घरी लावून बघायला दिले. पहिला दिवा भावजींनी दुसऱ्याच दिवशी परत केला.

"पिवळा मारतो," म्हणाले.

दुसरा "मेलेला" म्हणून गेला. तिसऱ्यात निळा आणि पांढरा वेगवेगळा वाढवता येत होता, म्हणून तो राहिला. दुकानदाराने बजावलं होतं, "काका, तिसऱ्या हिश्शावर सुरू करा. दर आठवड्याला थोडाच वाढवा." भावजींनी पहिला आठवडा कसाबसा काढला. तो दिवा म्हणजे त्यांच्या हाताला खाजच झाली. जेवता जेवता उठायचे, बटण फिरवायचे, चार पावलं मागे जाऊन बघायचे, परत पुढे. "अजून थोडा निळा हवा." महिन्याभरात बैठकीची खोली अशी झाली की दारातून आत येणाऱ्याला वाटावं, इथे कोणाचं तरी ऑपरेशन चाललंय.

"ताई, भाजी निवडायला बसले तर पान चांगलं की सडकं कळत नाही," जाऊ मला म्हणाली.

"मग स्वयंपाकघरात बस."

"तिकडेही येतो तो उजेड."

मग प्रवाळाची किनार फिकी पडायला लागली. पहिल्यांदा जावेने बघितलं. "अहो, हे पांढरं पडतंय."

"पांढरं? क्रीम आहे ते. शेड काय कळते तुला?"

"शेड नाही कळत. मरायला टेकलेलं कळतं."

भावजींनी निदान केलं ते असं: फिकं पडतंय म्हणजे उपाशी आहे, उपाशी आहे म्हणजे उजेड कमी आहे. बटण आणखी फिरवलं. जावेने माझ्या सांगण्यावरून दुकानदाराला बोलावलं. तो उजेड मोजायचं मीटर घेऊन आला, त्याची दांडी पाण्यात बुडवली, आकडा बघितला आणि पुन्हा बुडवली.

"काका, दुप्पट आहे. जळतंय हे. निम्म्यावर आणा, आजच."

"मशीन सांगतंय ना? आमच्या दुकानातही आलं होतं एक."

"निळा जास्त असला तर डोळ्यांना कळत नाही, काका. कोणाच्याच."

"माझ्या डोळ्यांना कळतो," भावजी म्हणाले, आणि तो जिना उतरायच्या आत निळा पुरा वर नेऊन ठेवला.

मला हे ऐकल्यावर राहवेना. गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. माझ्या स्वयंपाकघराच्या फरश्या क्रीम रंगाच्या आहेत असं मी कित्येक वर्षं समजत होते. पट्टी सुटली तेव्हा त्या पांढऱ्या निघाल्या. मोतीबिंदू हळूहळू जगावर चहाचं पाणी ओततो आणि आपल्याला वाटतं जगच तसं आहे. मी फोन केला आणि सरळ सांगितलं, "भावजी, तुम्हाला मोतीबिंदू आहे. निळा कमी दिसतो म्हणून तुम्ही तो वाढवत सुटलाय."

"वहिनी, तुम्हाला असेल. मला नाही."

आणि आठ दिवस फोन बंद. मग मीच गेले.

टाकीशेजारच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर लटकत होतं, तेही माझ्या कमरेच्या उंचीवर. हे असलं मला सहन होत नाही. "जुनं कॅलेंडर कशाला ठेवलंय? आणि वाचायचं काय रांगत?" असं म्हणत मी ते काढायला वाकले. जाऊ मागून डोळे मोठे करत होती, हात हलवत होती. मी ते बघितलं नाही असं म्हणणार नाही. बघितलं आणि काढलं.

मागे परातीएवढा डाग होता. सहा महिन्यांपूर्वी तिथली तडे गेलेली गिलाव्याची जागा भरून घेतली होती आणि रंग अर्थातच भावजींनी स्वतः जुळवला होता. भिंत मोतिया. डाग मात्र नीळ जास्त झालेल्या चादरीसारखा. दारातून दिसेल असा.

"काय झालं?" भावजी म्हणाले.

मी कॅलेंडर हातात धरून बाजूला सरकले.

"वहिनी, काय आहे तिथे?"

"तुम्ही सांगा ना, काय आहे."

ते जवळ आले. मान तिरकी केली. चष्मा काढला, पुसला, घातला. टॉर्च आणून बाजूने उजेड मारला. "भिंत आहे," म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, जावेकडे बघितलं, आणि भिंतीवर बोट फिरवायला लागले. एका जागी बोट थांबलं. जुना रंग आणि नवा रंग यांचा जोड बोटाला लागला होता.

"कधी लावलंस कॅलेंडर?"

"तुम्ही रंग दिलात त्याच्या दुसऱ्या दिवशी," जाऊ म्हणाली.

"कोणकोण आलं होतं तेव्हापासून घरी?"

"सगळेच."

भावजी गॅलरीत गेले. मी मागे जाणार होते, जावेने मला धरून ठेवलं. दहा मिनिटांनी आत आले ते फोन कानाला लावूनच. "मीटर घेऊन ये," दुकानदाराला सांगत होते. "आकडा तू वाच. मी बटण फिरवतो."

दोन आठवड्यांनी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं झाकण निघालं आणि घरी येऊन ते चपलांसकट टाकीपुढे उभे राहिले. "एवढं?" म्हणाले. एवढंच. बाहेरचे थर नुसते हाडासारखे उरले होते. मधे तळहाताएवढा भाग जिवंत होता, तोही मेणासारखा. दुकानदार फोनवर म्हणाला, "मेलेला भाग कापून काढा, जिवंत तुकडा तळाशी सावलीत ठेवा. मी परवा येतो." परवापर्यंत थांबतील तर ते भावजी कसले! पण वाकायचं नाही, डोळ्यात पाणी उडू द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी. मग जावेनेच कोपरापर्यंत रबरी मोजे चढवले. नऊ वर्षांत तिने त्या पाण्याला बोट लावलं नव्हतं.

"डावीकडे. अगं, डावीकडे!"

"माझ्या डाव्या की तुमच्या?"

"प्रवाळाच्या!"

"त्याला डावं-उजवं असतं? ताई, सांगा यांना, गप्प उभं राहायला. नाहीतर ही पक्कड तुमच्याच हातात देते."

मी बादली धरून होते. पक्कड दाबली की कटकन आवाज यायचा आणि दर आवाजाला भावजी अंग चोरायचे. मधला तुकडा वेगळा निघाला तेव्हा जावेने तो दोन्ही हातांच्या ओंजळीत, पाण्याखालूनच, तळाशी नेऊन ठेवला. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

"पिवळा मारतो" म्हणून परत केलेला पहिला दिवा आता मागितला, तर तो विकला गेला होता. आता तिसराच दिवा आहे, मीटरच्या आकड्यावर, आणि तीन आठवडे बटणाला हात लावायचा नाही असं ठरलं आहे. हे तीन आठवडे त्या घरात कसे चालले आहेत विचारू नका. भावजी दिवसभर टाकीभोवती फिरतात, एकदा हा डोळा झाकून बघतात, एकदा तो. नव्या डोळ्याने पांढरं, जुन्याने क्रीम. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तुकडा जगणार असेल तर आधी त्यावर तपकिरी झाक येईल, असं दुकानदाराने सांगितलंय.

काल दुपारी फोन. "वहिनी, या. तपकिरी आलंय."

मी टाकीपुढे गुडघ्यांवर बसले, चष्मा लावला, चष्मा काढला. जाऊ माझ्या तोंडाकडे बघत होती. भावजी माझ्या मागे या पायावरून त्या पायावर होत होते.

"मला नाही दिसत," मी म्हणाले.

"मधोमध बघा."

"मधोमधच बघते आहे. पांढरंच आहे, भावजी."

ते माझ्याशी भांडले नाहीत. नवा डोळा झाकला, उघडला, तुकड्याकडे बघत राहिले.

"बरं," म्हणाले. "मग उद्या याच वेळेला या. आणि दिसेल ते असंच सांगा."