उंदरांचा नंबर आधी

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका मनापासून रागावणारा माणूस अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात दुसरा नाही. रिक्षावाला "मोरिवली नहीं जाएगा" म्हणाला की ते भर रस्त्यात त्याला मोरिवलीचा इतिहास ऐकवतात. एमआयडीसीकडून वास आला की नाक दाबायचं सोडून खिडकीतून वासालाच दरडावतात. पण त्यांचं खरं वैर उंदरांशी. एका उंदराने स्कूटरची वायर कुरतडली, तेव्हापासून रोज संध्याकाळी पिंजऱ्याच्या आकड्याला भजी अडकवताना ते साऱ्या उंदीरजातीचा उद्धार करायचे. मग आतून मावशी म्हणायची, "पुरे." आणि काका गप्प. त्यांच्या रागाला ब्रेक तेवढा एकच होता.

गेल्या वर्षी मावशीला स्ट्रोक आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. मध्यंतरी उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे मी मावशी-काकांबरोबर गेलो होतो. डॉक्टर बिचारे धीर द्यायला म्हणाले, "स्ट्रोकनंतर मेंदूत पोकळी राहते ना, तिथे सुईने जेल सोडायचं. त्यातून औषध हळूहळू झिरपतं आणि मेंदू दुरुस्त व्हायला मदत होते. संशोधन जोरात चाललंय. उंदरांमध्ये चांगला फरक दिसलाय."

"कोणामध्ये?"

"उंदरांमध्ये. माणसांना मिळायला अजून वेळ आहे."

काका ताडकन उठले. "म्हणजे माझी वायर कुरतडणाऱ्याला जेल, आणि हिला दाबायला रबराचा बॉल? हिने कुणाचं घोडं मारलंय?" दारातून एक सिंधी आजी डोकावून म्हणाली, "साईं, शांत हो जाओ." काकांनी तिलाही सोडलं नाही. "आपको चूहे से पहले नंबर मिला क्या?"

एरवी त्यांच्या रागाला मी हसतो. त्या दिवशी मलाही संताप आला. नीट चाचण्या झाल्याशिवाय माणसाच्या मेंदूत काही घालता येत नाही, हे मला कळतं हो! पण खुर्चीत बसलेली मावशी काकांकडे बघून "पु... पु..." करत होती, आणि पुढचं अक्षर काही केल्या येत नव्हतं.

परवा मोरिवलीला त्यांच्या घरी गेलो, तर पिंजऱ्यात उंदीर सापडलेला. म्हटलं, आता याचं काही खरं नाही. काका पिंजरा घेऊन मागच्या मोकळ्या जागेत गेले, तो खाली ठेवून उकिडवे बसले. मग त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

"जा बाबा," ते हळूच म्हणाले. "लवकर बरा हो. तुझ्यामागे हिचा नंबर आहे."