मागचा कोपरा

"पाणी कुठं जातं तुमचं?"

दारात उभं राहून, नमस्कार-चमत्कार न करता तो माणूस पहिल्यांदा हेच विचारायचा. मलाही हेच विचारलं. मी घरी एकटी होते, मशीनवर ब्लाउजला बाही लावत होते. नवरा कल्याणला कामावर गेलेला. दारातला माणूस साठीच्या आसपासचा, उन्हानं रापलेला, खांद्यावर पहार आणि हातात नायलॉनची पिशवी. अशा अनोळखी माणसानं तुमच्या सांडपाण्याची चौकशी केली तर तुम्ही काय कराल? मी जाळीच्या दाराला आतून कडी घातली.

"कसलं पाणी?"

"न्हाणीचं. मागच्या कोपऱ्याला मुरतंय. आतून भिंत फुटलीय का वैनी?"

फुटली होती. मागच्या खोलीत खिडकीच्या दोन्ही अंगांनी तिरकी भेग गेली होती, एक वर छताकडे, एक खाली कपाटामागे. त्या खोलीचं दारही वर्षभर अडत होतं. पण यातलं काहीच रस्त्यावरून दिसत नव्हतं. मग याला कळलं कसं? मी "काही नाही फुटलं" म्हणून त्याला वाटेला लावलं आणि तो वळेपर्यंत खिडकीतून बघत राहिले.

आसनगावातलं आमचं घर जुन्या भातखाचरावर भराव टाकून पाडलेल्या प्लॉटवर आहे. बांधणाऱ्या ठेकेदाराला भेग दाखवली तेव्हा तो म्हणाला होता, "प्लास्टर आहे ताई, तडकतंच." त्यानं पुट्टी भरून दिली. चार महिन्यांत पुट्टीही फाटली.

दुसऱ्या खेपेला तो आपण पायाची कामं करणारा मिस्त्री असल्याचं दारातूनच सांगून गेला. तिसऱ्यांदा आला तो रविवार होता. नवरा घरी होता म्हणून त्याला आत घेतलं. त्यानं लोखंडी करणीच्या टोकानं भेगेवरचं प्लास्टर खरवडलं.

"नुसतं प्लास्टर तडकलं तर इटेला काय व्हत नाय. हिथं बघा, इट पन दोन झालीय. आनि भेग वर रुंद, खाली बारीक. कोपरा खाली चाललाय."

मग त्यानं पिशवीतून काचेची पातळ पट्टी काढली आणि सिमेंटच्या दोन गोळ्यांनी भेगेवर आडवी चिकटवली. "काच तुटली तर घर हलतंय. नाय तुटली तर मी परत येनार नाय."

नवऱ्याला पटलं. मला नाही. शेजारीण म्हणाली, "काम मिळवायच्या युक्त्या असतात गो. काच सोताच तोडतात." आणि झालंही तसंच. तीन आठवड्यांनी तो बघायला आला, मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, परत आले तर हा भिंतीपाशी उभा.

"तुटली," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी एक काम केलं. जुन्या फोटोफ्रेमच्या काचेचा तुकडा घेतला, कपाट थोडं पुढे ओढलं आणि मागच्या भेगेवर तो तशाच सिमेंटनं चिकटवला. नवऱ्यालाही सांगितलं नाही. रोज सकाळी टॉर्च घेऊन बघायचे. बाविसाव्या दिवशी काच मधोमध दोन झाली होती. तिथं कोणाचाही हात पोचला नव्हता. इतके दिवस मला त्या माणसाची भीती वाटत होती, त्या सकाळी घराची वाटायला लागली.

त्याला बोलावलं. आला तो सरळ मागच्या कोपऱ्याकडे गेला. ना मोजलं, ना चाचपलं, पहार घातली. खड्डा छातीइतका झाला तेव्हा पायाचा दगड संपला. दगडाखाली घट्ट मुरूम हवा होता. तिथं खाचराची काळी, ओली माती होती. वर न्हाणीचा पाइप सांध्यात सुटलेला, थेंब थेंब त्याच मातीत जात होता. मिस्त्रीनं पहार नुसती टेकवून दाबली, ती हातभर आत गेली.

माझ्या मनातलं शेवटी तोंडातून बाहेर पडलं. "मिस्त्री, तुम्हाला नेमका हाच कोपरा कसा माहीत?"

तो खड्ड्यातच बसला. पहारेला लागलेली माती बोटानं काढू लागला.

"हा पाया माझ्या हातचा हाय वैनी. तीन कोपऱ्यांना मुरूम लागला, हिथं नाय लागला. मी ठेकेदाराला म्हनलो, आजून खोल जाऊ. तो म्हनला, दगडाची गाडी उभी हाय, भर. मी भरला."

"आम्हाला सांगितलं का नाही तेव्हा?"

"दुसऱ्या दिशी त्याच्याच कामावर जायचं व्हतं ना."

मी त्याला बाहेर निघायला सांगितलं. तो पहार उचलून निघाला. रात्री नवरा म्हणाला, "ज्यानं भरलाय त्यालाच माहीत कुठं काय भरलंय. दुसरा कोण आणणार?" मला ते पटायला दोन दिवस लागले.

काम दीड महिना चाललं. भिंतीला टेकू दिले. मिस्त्री पायाखाली एका वेळी तीन फूटच खणायचा, मग एक तुकडा सोडून पुढचा. "सगळं एकदम उघडलं तर भित अंगावर येल," म्हणायचा. खाली मुरूम लागला की काँक्रीट भरायचं, ते घट्ट होऊ द्यायचं, मगच मधला तुकडा. मी पाळतीवरच होते. प्रत्येक खड्डा भरण्याआधी मी म्हणायचे, "पहार द्या." एकदाही त्यानं तोंड वाकडं केलं नाही. हात देऊन मला खाली उतरवायचा आणि म्हणायचा, "मारा. जोरात मारा." ठण्ण आवाज आला की माझ्याआधी त्याचाच चेहरा सैल व्हायचा. मजुरी मात्र त्यानं घेतली. फुकट केलं असतं तर मला आणखी संशय आला असता.

पाइप नवा घालून गटारापर्यंत नेला, भेगा बुजवल्या, दार सुतारानं तासून दिलं. जाताना मिस्त्री म्हणाला, त्याच ठेकेदाराची आणखी सहा घरं आहेत, काही शहापूरकडं, काही मुरबाडकडं. प्रत्येक ठिकाणी एखादा कोपरा असाच भरलेला.

"लोक हाकलतात. तुमचा नंबर देऊ का वैनी? तुमाला इचारतील तरी."

मी लगेच हो म्हटलं नाही. पण दिला. पुढच्या काही महिन्यांत दोन फोन आले. मी दोघांनाही सांगितलं, माणसाला आत घ्या, मात्र आपली एक काच वेगळी लावा.

गेल्या हिवाळ्यात त्याला फोन केला तर त्याच्या मुलीनं उचलला. छातीचं दुखणं होतं, पंधरा दिवसांत गेले, म्हणाली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मुरबाडकडच्या टोकावड्याहून एका बाईचा फोन आला. मिस्त्रीनं दिलेला नंबर कागदावर लिहून ठेवलेला सापडला, म्हणाली.

"भित फाटलीय आमची. ते मिस्त्री आलते, तीन येळा. आमाला वाटलं चोर हाय. आता पाठवाल का त्याला?"

मी सांगितलं, ते गेले. मग ते का यायचे, हेही सांगितलं. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"उन्हाचा आलता," ती शेवटी म्हणाली. "'बस' पन नाय म्हनलो गो आमी त्याला."