लमाराबाईंचा सातचा फोन

युद्धानंतर इंगुरी नदीचे दोन काठ दोन देशांचे झाले. निदान पलीकडचे अबखाझ लोक तसे म्हणत. जॉर्जियाच्या सरकारच्या लेखी तोही काठ आपलाच. पुलावर पहारे बसले, टपाल थांबले. पण धरण अलीकडे आणि त्याचे वीजघर पलीकडे, डोंगरातल्या बोगद्याच्या टोकाला. एकाचे दुसऱ्यावाचून चालणार कसे? म्हणून धरणावरच्या लमारा जोलोगुआ रोज सकाळी सातला फोन उचलत.

"वरून बोलतेय. पाणी पाचशे दोन मीटर."

"खालून बोलतोय. तीन यंत्रं चालू."

खालून बोलणारे बाताल अरशबा. सव्वीस वर्षांत दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. तरी बातालची नात कधी रांगू लागली हे लमाराबाईंना ठाऊक होते, आणि त्यांच्या मिरचीच्या ठेच्यात लसूण कमी असतो, असे बाताल न चाखताच सांगत. देशाचे नाव मात्र कुणी काढले नाही. नोंदवहीतही दोनच रकाने: वर आणि खाली.

त्या मे महिन्यात बर्फ भराभर वितळले, आणि नेमका तेव्हाच राजधानीहून एक साहेब आला. वही पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"'खाली' काय? 'बळकावलेला प्रदेश' म्हणायचं. फोनवरसुद्धा!"

दुसऱ्या सकाळी पाणी पाचशे नऊवर होते. आणखी मीटरभर चढले की दरवाजे उघडणे भाग, आणि मग दोन्ही काठांवरचा मका वाहून जाणार. चौथे यंत्र लावून बोगद्यातून जास्त पाणी ओढले तरच तो वाचणार होता, आणि धरणाचा आकडा नोंदवल्याशिवाय यंत्र लावायचे नाही, असा नियम.

"ताई," बाताल दबक्या आवाजात म्हणाले, "आमचे साहेब शेजारीच बसलेत. तुम्ही आम्हाला 'प्रजासत्ताक' म्हटल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही म्हणतात."

"माझ्याही शेजारी एक बसलेत. त्यांना भलतंच नाव हवंय."

"मग कसं करायचं हो?"

"द्या फोन तुमच्या साहेबांना. मी आमच्यांना देते. भांडू देत काय ते."

साहेबाने रिसीव्हर कानाला लावला मात्र, त्याचा चेहरा पडला. पलीकडच्या अधिकाऱ्याशी एक शब्द बोलणे म्हणजे त्याचे सरकार मान्य केल्यासारखेच, नोकरीच जायची. तिकडेही तीच गत असावी. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

"बोला ना, साहेब. पाणी काही थांबलेलं नाही."

विस्तव टाकावा तसा त्याने रिसीव्हर परत दिला. "तुमचं तुम्ही बोला, बाई. मी इथे नव्हतोच."

लमाराबाई ताठ बसल्या.

"वरून बोलतेय. पाणी पाचशे नऊ. चौथं लावा."

"खालून बोलतोय. लावलं, ताई, लावलं!"

दुपारपर्यंत पाणी वीतभर उतरले. लमाराबाईंनी दोन्ही रकाने नेहमीसारखे भरले आणि वही साहेबापुढे सरकवली. त्याने मुकाट्याने सही केली. सव्वीस वर्षांत प्रथमच लमाराबाईंनी अवेळी फोन लावला.

"वरून बोलतेय. साहेबांची सही झाली."

"इथेही झाली," बाताल खो-खो हसत म्हणाले. "सही करून म्हणतात हो, मी इथे नव्हतोच!"