गालावरचे खवले

मुलगा कॅनडात गेला आणि आमच्या बोलण्याचे विषय एकेक करून संपत गेले. हवा, जेवण, माझे गुडघे. मग त्याला मासे धरायचा नाद लागला. तासगावच्या कॉलेजात मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे दर रविवारी सकाळी फोटो यायचा आणि पाठोपाठ फोन.

"आई, ह्यो कोण, वळख."

पहिला पाईक, तिकडचा गोड्या पाण्यातला मासा, मी असाच पाहिला. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, पाठीवरचा पर पार शेपटीजवळ.

"आपल्या मरळीसारखाच हाय की," तो म्हणाला.

"दिसतोय तसा, पण नात्यातला न्हाई. मरळीचा पर पाठभर असतो."

मग मी रोज वाचत बसू लागले. दिवसभर दुसरं बोलायला घरात होतं कोण? गडद अंगावर फिकट ठिपके असले तर तो साधा पाईक. फिकट अंगावर गडद पट्टे असले तर मस्की, त्यांच्यातला सगळ्यात मोठा. साखळीसारखी नक्षी असली तर पिकरेल. तिघंही एकाच वंशातले. पण रंग पाण्यागणिक बदलतो, म्हणून खात्रीसाठी गाल बघायचा. पाईकच्या आणि पिकरेलच्या गालावर सगळीकडे खवले, मस्कीच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर.

गेल्या सप्टेंबरात एक फोटो आला. मासा राखाडी, ना ठिपके ना पट्टे. मुलानं तो दोन्ही हातांवर आडवा धरला होता. गाल दिसावा म्हणून मी फोटो मोठा केला, आणि एकदम वेगळंच मनात आलं.

"फोटो कोण काढतं रं तुझा?"

"मीच. मोबाईल डब्याला टेकवतो, टायमर लावतो."

"आणि तुझ्यासंगं मासे धरायला यायचा तो कराडचा मित्र?"

"तो गेला की दुसऱ्या गावाला. मार्चातच."

सहा महिने. तेवढे रविवार मी कल्ले बघितले, दात बघितले, आणि पोराला एकदाही नीट बघितलं नाही.

"सांगायचंस की."

"तू तरी कुठं काय सांगतीस?"

खरं होतं. "मी संध्याकाळचा सैपाक बंद केलाय," मी म्हटलं. "एकटीसाठी चूल पेटवू वाटत न्हाई. दूध-चपाती खाती."

तो म्हणाला, "मस्कीच हाय न्हवं?"

"व्हय. गाल खाली गुळगुळीत हाय."

"सोडला मी त्याला पाण्यात."

पुढच्या रविवारी फोटो आला नाही, नुसता फोन आला. सांगण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं, तरी कुणी फोन ठेवला नाही. त्याच्या खोलीत कपड्यांचं मशीन फिरत होतं. माझ्या खिडकीखाली शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर नुसताच घरघरत होता, सुरू होत नव्हता.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बॅटरी उतरली असंल त्याची."