न सापडलेल्या कणाचा सत्कार

सकाळी बाबांनी वर्तमानपत्र माझ्यासमोर धरलं. आत माझा फोटो, वर मथळा : ‘नागपूरच्या मुलीने शोधला विश्वातला अदृश्य कण’. वाचून मी ते मिटून बाजूला टाकलं.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. विश्वातलं बरंचसं द्रव्य दिसतच नाही आणि ते कशाचं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. त्याचे कण असतील आणि ते एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून गॅमा किरण निघायला हवेत. म्हणून लहान, अंधूक दीर्घिकांकडून आलेले आणि अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेले किरण मी वर्षानुवर्षं तपासले. जास्तीचं काहीही मिळालं नाही. अमुक तऱ्हेचा कण असता तर एव्हाना दिसला असता, एवढंच मी लिहिलं होतं. तेवढं ठामपणे म्हणता यावं यासाठी माझी उमेदीची वर्षं गेली होती.

“काहून चिडून राहिली वं? चांगलंच तं छापलं,” बाबा म्हणाले.

“बाबा, मले काहीच सापडलं नाही. हे खोटं आहे.”

मी मार्गदर्शक सरांना फोन केला. ते हसले. “वार्ताहराला मीच तसं सांगितलं. ‘सापडलं नाही’ ही काय बातमी आहे?”

“सर, दुरुस्ती द्यायला सांगा.”

“आधी पदवी पडू दे पदरात. मग कर दुरुस्त्या.”

मीच वर्तमानपत्राला कळवलं. एक ओळही छापून आली नाही. उलट रविवारी नागपूरच्या महाल भागात आमच्या समाजाच्या सभागृहात माझा सत्कार ठरला. सर व्यासपीठावर होते. अध्यक्षांनी मला शाल पांघरली आणि सांगितलं, “आपल्या पोरीनं देवाचा कण शोधला.”

मी माईक घेतला. “मी कुठलाच कण शोधलेला नाही. सरांना हे माहीत आहे.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मंग सत्कार कायचा?”

“तेच मी विचारून राहिली,” म्हणत मी शाल काढून अध्यक्षांच्या हातात दिली.

घरी जाताना स्कूटरवर बाबा म्हणाले, “मंग इतके वर्ष तू पाहून काय राहिली होती?” मी आधी त्यांच्यावरच खेकसले, मग सगळं समजावलं. त्यांनी मधे अडवलं नाही.

सरांनी माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण कित्येक महिने न वाचता ठेवलं. पदवी उशिरा मिळाली. त्या उशिराचा राग केव्हाच ओसरला. पण खरं उत्तर हाती असताना त्यांना त्याची लाज वाटली, हे मी अजून माफ केलेलं नाही.